नकाशात नसलेली चाकोरी

ऑक्टोबर संपत आला होता. ज्युनिपरच्या झाडांमधून दुपारचे ऊन तिरपे उतरत होते आणि आदल्या रात्रीच्या पावसाने माती इतकी घट्ट धरली होती की मोटरसायकलचे मागचे चाक म्हणावे तिथे वळत होते. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या एका राष्ट्रीय वनातली, क्रमांकाची पाटी असलेली ती ट्रेल, म्हणजे आखून दिलेली रानवाट, मला पाठ होती. पण त्या दिवशी एका वळणावर डावीकडे फुटलेली चाकोरी दिसली. एका टायरच्या रुंदीची, मध्ये खोलगट, दोन्ही कडांना वाळूचा बारीकसा वरंबा. तिथे पाटी नव्हती, साखळी नव्हती, आडवा टाकलेला ओंडका नव्हता. माझ्याआधी बरेच जण तिथून गेल्याचे स्पष्ट दिसत होते आणि तेवढ्यावरच मी हँडल वळवले. पाऊण मैल आत गेल्यावर समोरून घोड्यावर बसलेली एक वृद्ध बाई आली. अशा वेळी काय करायचे ते मला ठाऊक होते: उताराच्या बाजूला थांबायचे, इंजिन बंद करायचे, हेल्मेट काढायचे आणि मोठ्याने बोलायला लागायचे, म्हणजे समोरचा विचित्र आकार माणूसच आहे हे घोड्याला कळते. मी ते सगळे केले. घोड्याचे कान आधी मागे गेले, मग हळूहळू पुढे आले. बाईंनी लगाम सैल सोडला, माझ्याकडे पाहिले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, “ही वाट आता तुमच्या गाड्यांसाठी खुली झाली का?”

मी म्हणाले, “हो.”

त्यांनी मान हलवली, इंजिन बंद केल्याबद्दल आभार मानले आणि त्या निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या, तर मीही मनातल्या मनात त्यांच्याशी भांडून मोकळी झाले असते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून ते “हो” माझ्याबरोबर घरी आले. त्याला कसलाही आधार नव्हता. ती वाट खुली आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हते; ठाऊक करून घेण्याची गरज मला वाटली नव्हती, एवढेच खरे.

त्या रात्री मी वनखात्याचा मोटार वाहन वापराचा नकाशा टेबलावर पसरला. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात डोळ्यांना सुखावणारे काहीही नसते. डोंगरांच्या छटा नाहीत, हिरवळ नाही, पाहण्यासारख्या जागांच्या खुणा नाहीत. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषा, ठिपक्यांच्या रेषा, क्रमांक आणि कडेला तारखांचा तक्ता. हा नकाशा फुकट मिळतो आणि बहुतेक चालक तो कधीच उघडत नाहीत, कारण फोनवरचे रंगीत नकाशे अधिक बोलके असतात. मीही त्यांच्यातलीच होते. फोनवरच्या नकाशात ती चाकोरी करड्या रेषेने दाखवलेली होती आणि जिथे रेषा आहे तिथे परवानगी आहे, असे मी गृहीत धरले होते. ती करडी रेषा म्हणजे कोणीतरी तिथून गेल्याची नोंद होती. जाण्याचा हक्क तिथे लिहिलेला नव्हता. टेबलावरच्या काळ्या-पांढऱ्या कागदावर माझी क्रमांकाची ट्रेल होती आणि तिच्या डावीकडे केवळ पांढरी जागा होती. मी बराच वेळ त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून बसले होते.

या पांढऱ्या जागेचा अर्थ एकेकाळी नेमका उलटा होता. पूर्वी बऱ्याच वनांमध्ये, मनाईची पाटी नसेल तर जमीन खुली, असा व्यवहार चालत असे. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या आदेशाने सरकारी जमिनींवर रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांसाठी जागा आणि वाटा ठरवून द्यायला सांगितले, आणि त्या ठरवताना मातीची हानी, वन्यप्राण्यांना होणारा त्रास आणि इतर लोकांशी येणारा संघर्ष कमीत कमी राहील हे पाहण्याचे बंधन घातले. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्याला आणखी बळ दिले. तरीही राष्ट्रीय वनांपुरता खरा बदल नोव्हेंबर २००५ मधल्या नियमाने झाला: जी वाट नकाशावर नेमून दिली आहे तीच खुली, बाकी सर्व बंद. पाटी नसणे ही सबब उरली नाही. पाट्या वाऱ्याने पडतात, कोणी उपटून नेतात, गुरे त्यांना अंग घासतात. कागद मात्र तसाच राहतो, आणि तो वाचून येणे ही चालकाची जबाबदारी ठरली. मला हा नियम बरीच वर्षे माहीत होता. पण नियम माहीत असणे आणि वळणावर हँडल सरळ ठेवणे यांच्यामध्ये जी जागा असते, तिथे त्या दिवशी मी सापडले.

आपल्या भाषेत चाकोरी या शब्दाला कमीपणा आला आहे. चाकोरीबाहेरचा विचार, चाकोरीबाहेरचे आयुष्य असे आपण कौतुकाने म्हणतो आणि चाकोरीतल्या माणसाची थोडी कीव करतो. मला स्वतःला हे वाहन आवडले तेही त्याच भावनेतून. डांबर संपले, पहिला खडा टायरखाली निसटला आणि हातातले हँडल जिवंत झाल्यासारखे हलले, त्या क्षणी जे वाटले ते इतक्या वर्षांत कमी झालेले नाही. उभे राहून चालवताना गुडघ्यांतून सगळी जमीन कळत जाते. ओली माती, सैल वाळू, मुळांचा गठ्ठा, तापलेला खडक, प्रत्येकाची भाषा वेगळी. सेजब्रशच्या झुडपांचा कडवट वास, पुढच्याने उडवलेल्या धुळीची जिभेवर येणारी चव, चढाच्या माथ्यावर इंजिन बंद केल्यावर कानांत उरणारा हुंकार आणि त्याच्यामागून हळूच येणारा वारा, यांच्यासाठी मी पहाटे उठते. हे सुख खरे आहे. त्याच्या बाजूने बोलताना मला संकोच वाटत नाही.

पण चाकोरी म्हणजे मुळात चाकाने केलेली खूण, आणि कोरड्या प्रदेशातली माती ती खूण सहजासहजी पुसत नाही. त्या भागात जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा असतो. सायनोबॅक्टेरिया, दगडफुले आणि शेवाळ यांनी मिळून धरलेला हा जिवंत थर वाऱ्याला माती उडवू देत नाही आणि पावसाचे पाणी धरून ठेवतो. त्यावरून एक चाक गेले की तो चुरतो आणि पूर्ववत व्हायला दशके लागतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जनरल पॅटन यांच्या देखरेखीखाली कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात रणगाड्यांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आणि १९४४ मध्ये ते बंदही झाले. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या त्यानंतर अनेक दशके तिथे ओळखू येत राहिल्या. माझी मोटरसायकल रणगाड्याच्या मानाने काहीच नाही, हे म्हणणे सोपे आहे. मात्र माझ्या आधी गेलेल्या प्रत्येकाने हेच म्हटले असणार, आणि म्हणूनच तिथे वाट तयार झाली होती.

दुसऱ्या आठवड्यात मी परत गेले, या वेळी पायी. चाकोरीच्या बाजूने चालत शेवटपर्यंत गेल्यावर ती कुठे जाते ते कळले. ती एका घळीतून उतरून, पावसाळी ओढा ओलांडून, एका जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याला मिळत होती आणि त्या रस्त्यावरून दुसरी क्रमांकाची ट्रेल अवघ्या काही मिनिटांवर होती. म्हणजे दोन कायदेशीर ट्रेल एकमेकींपासून इतक्या जवळ होत्या, पण कागदावर त्या कुठेच भेटत नव्हत्या. माझी ठरलेली ट्रेल एका माळावर अचानक संपते. तिथून आल्या वाटेनेच परतावे लागते. लोक चाकोरी का पाडतात याचे उत्तर मला त्या ओढ्याच्या काठावर मिळाले. काहींना नियम मोडण्यातच सुख वाटते, हे मी नाकारत नाही, आणि त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही. पण बहुतेकांना फक्त वर्तुळ पूर्ण करायचे असते. जिथे फेरी घालून मूळ जागी येता येते, पुरेसा वेळ जातो, अवघड आणि सोपे असे दोन्ही टप्पे मिळतात, तिथे आडवाटा क्वचित फुटतात. आणि जिथे मध्येच संपणारे तुकडे नेमून दिलेले असतात, तिथे त्यांच्या टोकांना फाटे फुटत राहतात.

चांगली आखलेली वाट काय करू शकते, याची उदाहरणे आहेत. युटा राज्यातल्या मोॲब गावाजवळची स्लिकरॉक ट्रेल १९६९ साली मोटरसायकलींसाठी आखली गेली; उघड्या वालुकाश्मावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्या चालकाला खडकावरच ठेवतात. वेस्ट व्हर्जिनियात तर सरकारी जमीन मुबलक नव्हती. तिथे १९९६ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्सची व्यवस्था उभी केली, कोळसा आणि लाकूड कंपन्यांच्या खासगी जमिनींवरून करार करून वाटा नेल्या आणि २००० साली त्या खुल्या केल्या. परवाना घ्यायचा, हेल्मेट घालायचे, वाट सोडायची नाही. ज्या जमिनीवर लोक एरवी चोरून फिरले असते, तिथे ते परवाना खिशात ठेवून फिरतात. मला या उदाहरणांतून सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: कोणीतरी बसून, चालून, मोजून वाट कुठे असावी आणि कुठे नसावी, हे दोन्ही ठरवले.

योगायोगाने त्याच हिवाळ्यात आमच्या वनविभागाने त्या भागातल्या वाटांचा फेरविचार जाहीर केला आणि लोकांची मते मागवली. १९७० पासून लागू असलेल्या पर्यावरण धोरण कायद्यामुळे अशा निर्णयाआधी परिणामांचा विचार मांडावा लागतो आणि नागरिकांना बोलण्याची संधी मिळते. मी सभेला गेले. प्रकाशझोताखाली भिंतीवर नकाशे लावलेले होते, लोक दोन्ही बाजूंना वेगवेगळे बसले होते, आणि बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तीन मिनिटांत आपले प्रेम सांगितले: कोणी शांततेवरचे, कोणी स्वातंत्र्यावरचे. दोन्ही प्रेमे खरी होती, पण नकाशे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांतून हाती धरण्यासारखे फार काही मिळत नव्हते. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. माझी आधीची पत्रेही अशीच होती: “आम्ही कुटुंबासह इथे येतो, कृपया ट्रेल बंद करू नका.” अशा हजार पत्रांतून एकच मुद्दा निघतो. वाटेचा क्रमांक, कोणत्या वळणावर काय दिसले, ओढा कुठे आणि किती रुंद, पर्याय कोणता, तो कोणत्या जुन्या रस्त्यावरून नेता येईल, कोणत्या महिन्यांत बंद ठेवता येईल, असे लिहिलेल्या एका पत्राला मात्र उत्तर द्यावे लागते.

मी असे पत्र लिहायला बसले आणि चार संध्याकाळी अडकून पडले.

जोडवाटेची मागणी लिहिणे सोपे गेले. घळ आणि ओढा टाळून, वरच्या अंगाने, त्या जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याला मिळणारी वाट. रुंदी ५० इंचांच्या आतल्या वाहनांपुरती. हरणे खाली उतरतात ते महिने बंद. अडचण दुसऱ्या परिच्छेदाची होती. ओढ्यातून जाणारी चाकोरी बंद करावी, असे मला लिहायचे होते, आणि ते लिहिताना मी कोणाची तरी प्रतारणा करते आहे असे वाटत होते. आमच्या मोटरसायकल चालकांच्या गटातल्या एका ज्येष्ठांना मी मसुदा दाखवला. मला ट्रेल चालवायला शिकवणाऱ्यांपैकी ते एक. समोरून चालक आला की बोटांनी संख्या दाखवायची, मागे दोघे असतील तर दोन बोटे, शेवटच्याने मिटलेली मूठ, ही खूण मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांनी पत्र वाचले आणि कागद उलटा ठेवला. “तू आपल्या हाताने एक वाट देतेस,” ते म्हणाले. “आज एक दिलीस की उद्या दहा मागतील. मी हे पाहिलेले आहे.” त्यांनी खरोखरच पाहिले होते. मोहावी वाळवंटातून बारस्टो ते लास व्हेगास धावणारी मोटरसायकल शर्यत त्यांच्या तरुणपणी निम्म्या जगासारखी होती. १९८९ नंतर ती झाली नाही आणि १९९० मध्ये त्या वाळवंटातले कासव संकटग्रस्तांच्या यादीत गेले. ज्या वाटांवर त्यांनी आपल्या मुलांना शिकवले, त्यांपैकी काही वाटा आज फाटक लावून बंद केलेल्या आहेत. ज्याने इतके गमावले आहे त्याला “थोडे सोडा” म्हणणे मला जमत नव्हते.

तरी मी ते लिहिले. मी त्यांना सांगितले, “तुम्ही शिकवले तेव्हा पहिली गोष्ट सांगितली होती की ओढ्यात चाक घालायचे नाही.” ते काही बोलले नाहीत. पत्रावर त्यांनी सही केली नाही. पण जोडवाटेच्या परिच्छेदात उताराचा आकडा चुकला होता, तो पेन्सिलने दुरुस्त करून दिला.

त्यांच्या त्या दुरुस्तीमागे कितीतरी शनिवार होते. ट्रेल राखण्याच्या कामाला जे जातात त्यांना पाणी दिसायला लागते, मग ते पडत नसले तरी. उतारावर सरळ खाली जाणारी वाट म्हणजे पाण्याने खणलेला चर. म्हणून वाट डोंगराच्या कुशीतून आडवी न्यायची, तिचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक होऊ द्यायचा नाही, आणि थोड्या थोड्या अंतरावर तिला किंचित उलटी चढवायची, म्हणजे पाणी तिथे थबकून बाहेर पडते. हे सगळे हाताने करायचे असते, बहुधा पुलास्कीने. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेल्या या अवजाराला एड पुलास्की या वनरक्षकाचे नाव आहे; १९१० च्या महाभयंकर वणव्यात ज्यांनी आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवले ते हेच. दिवसभर पुलास्की चालवल्यावर जी वाट तयार होते तिची लांबी सांगायलाही कमी वाटते. मोटरसायकलवर ती दोन श्वासांत संपते. या कामाला पैसाही बऱ्याच अंशी आमच्याच टाकीतून येतो: १९९१ साली सुरू झालेल्या केंद्रीय ट्रेल निधीचा आधार रस्त्याबाहेर जळणाऱ्या इंधनावरचा कर हा आहे, आणि त्यातले ३० टक्के मोटार वाटांसाठी, ३० टक्के चालणारे, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांच्या वाटांसाठी, तर ४० टक्के विविध उपयोगांच्या वाटांसाठी राखलेले आहेत. घोड्यावरच्या त्या बाई ज्या वाटेवरून रोज जातात, तिच्यातही माझे थोडे पेट्रोल असेल, या कल्पनेने मला बरे वाटते.

आवाजाबद्दल मात्र मला अजून पूर्ण बरे वाटत नाही. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत ९६ डेसिबलची मर्यादा आहे. एक्झॉस्टच्या तोंडापासून २० इंचांवर, ४५ अंशांच्या कोनात माइक धरून, ठरावीक फेऱ्यांवर इंजिन ठेवून ती मोजतात. माझी गाडी त्या मर्यादेच्या खूप खाली आहे. पण एकदा घोटा मुरगळला म्हणून मी दोन तास एका कड्यावर बसून राहिले होते, आणि दरीपलीकडून येणारे आमच्याच गटाचे आवाज तिथून ऐकले होते. आधी कीटकांसारखी गुणगुण, मग चढावर ताणलेला सूर, मग एकदम काही नाही, आणि पुन्हा. मी त्यांच्यातली प्रत्येक गाडी ओळखू शकत होते. त्या कड्यावर माझ्याऐवजी कोणी केवळ शांततेसाठी आलेला बसला असता, तर त्याच्या कानांवर त्या आवाजांना नावे नसती. तेव्हापासून मी सायलेन्सरमधले भरण वेळेवर बदलते आणि ज्या ट्रेल वस्तीच्या वा पायवाटेच्या जवळून जातात त्या दूर हलवाव्यात, या बाजूने बोलते. गटात हे सर्वांना आवडते असे नाही.

निर्णय यायला सव्वा वर्ष लागले. ओढ्यातली चाकोरी बंद करणे मंजूर झाले. जोडवाट नामंजूर झाली नाही, पण ती पुढच्या टप्प्यात तपासली जाईल असे लिहिले होते, आणि असा टप्पा म्हणजे किती वर्षे हे कोणी सांगू शकत नाही. त्या ज्येष्ठांचा मला फोन आला. “मी म्हटले होते,” असे ते म्हणाले नाहीत. वाट बंद करण्याचे काम कोणत्या शनिवारी आहे, एवढेच त्यांनी विचारले.

एप्रिलमध्ये आम्ही नऊ जण तिथे गेलो. अशी वाट नुसता ओंडका टाकून बंद होत नाही. ओंडका दिसला की लोक त्याला वळसा घालून नवी चाकोरी पाडतात. ती दिसेनाशी करावी लागते. आधी वरंबे मोडून चाकोरी भरायची, घट्ट झालेली माती सैल करायची, मग मेलेली झुडपे आणि ज्युनिपरच्या वाळक्या फांद्या खड्ड्यांत उभ्या रोवायच्या, अशा की त्या तिथेच वाढून तिथेच वाळल्या असे वाटावे. मधूनमधून दगड ठेवायचे, काळी बाजू वर करून. आतल्या भागात, झाडाच्या सावलीत, टायरच्या गुट्ट्यांचे ठसे अजून नीट उमटलेले होते. ते माझेच होते असे म्हणता येणार नाही, तसल्या टायरवर कितीतरी जण चालवतात. मी त्यावर दाताळे फिरवले. एका ठिकाणी नालांच्या खुणाही होत्या, ताज्या. मी मान वर करून पाहिले, पण घळीत कोणी नव्हते.

दुपारी मी तोंडाशी, क्रमांकाच्या ट्रेलपासून चार पावलांवर, शेवटचे झुडूप रोवत होते. ज्येष्ठ माझ्या मागे उभे राहून ते थोडे डावीकडे कलते करायला सांगत होते. तेवढ्यात वळणापलीकडून इंजिनांचा आवाज आला आणि आम्ही दोघे बाजूला झालो. पहिल्या चालकाने आम्हाला पाहून वेग कमी केला आणि हँडलवरून हात उचलून दोन बोटे दाखवली. दुसऱ्याने एक. तिसऱ्याने मिटलेली मूठ वर केली आणि तोही पुढे गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभे होतो. तिघांपैकी एकानेही डावीकडे वळून पाहिले नव्हते.